परक्या शहरातील आप्त

कोकणची भूमी रम्य आहे. परंतु भातखाचरे लहान आणि घरात खाणारी तोंडे अधिक. त्यामुळे म्हसळा, श्रीवर्धन, माणगाव या भागांतील तरुण पोटासाठी मुंबईची वाट धरीत. शंभर वर्षांपूर्वी गिरणीत लागलेला असा तरुण चाळीतील एका खोलीत अनेक गाववाल्यांसह दाटीवाटीने राही. त्याचा सारा दिवस साच्यावर किंवा मागावर सरे. तो तापाने फणफणला, तर उशाशी बसावयास घरचे माणूस नसे. सावकाराने गाठले, तर दाद कोठे मागावी हे त्यास ठाऊक नसे. अशा माणसांचे आप्त होण्याचे व्रत नारायण मल्हार जोशी यांनी घेतले. ते त्यांच्याच मुलखातले होते.

म्हसळ्याच्या पूर्वेस, माणगाव तालुक्यातील गोरेगाव येथे 5 जून 1879 रोजी त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे शिक्षकाचे काम केले. 1909 साली ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि 1911 साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापिली.

या संस्थेचे कार्य कामगारांच्या राहणीस अनुरूप असे होते. दिवसा राबणाऱ्याला शाळेत जाता येईना, म्हणून रात्रीच्या शाळा निघाल्या. ज्याला वाचनालयापर्यंत जाण्यास सवड नव्हती, त्याच्या वस्तीत फिरती वाचनालये गेली. रोग्यांसाठी औषधोपचार, कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी पाळणाघरे, कर्जबाजाऱ्यांसाठी सहकारी पतपेढ्या आणि निरक्षरांसाठी कायद्याचा सल्ला, अशी सोय झाली. पण औषधाने ताप उतरला, तरी घर दुरावल्याचे दुःख उतरत नाही. कोकणी माणसाचा जीव नाटकात आणि नमन-खेळ्यांत रमतो. म्हणून व्यायामशाळा व नाट्यप्रयोग यांनाही संस्थेने स्थान दिले. 1922 साली परळ येथे संस्थेचे दामोदर नाट्यगृह उभे राहिले. गिरणगावातील कष्टकऱ्यांना आपली कला दाखविण्यास हक्काचा रंगमंच लाभला.

केवळ सेवेने अन्याय दूर होत नाही, हेही जोशी यांनी ओळखले. 1919 साली वॉशिंग्टन येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. 1920 साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. कामगार स्त्रीला बाळंतपणात साहाय्य मिळावे, म्हणून 1924 साली त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. परंतु विचार मेला नाही. 1929 साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला.

30 मे 1955 रोजी जोशी यांचे निधन झाले. मुंबईच्या गिरणगावातील एक मोठा रस्ता आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. गाव सोडून परक्या शहरी येणारी माणसे आजही पुष्कळ आहेत. त्यांना मदत करावयाची, तर आधी त्यांची भाषा, त्यांची वेळ आणि त्यांचे मन जाणून घ्यावे, हीच जोशी यांच्या जीवनाची शिकवण आहे.