पंडिता रमाबाईंचें ख्रिस्तीपण

पंडिता रमाबाईंचें नांव निघालें कीं आमच्या समाजांतील दोन पक्ष आजही दोन ठराविक निकाल देऊन मोकळे होतात. एक म्हणतो, बाई मिशनऱ्यांच्या हातचें बाहुलें झाल्या; दुसरा म्हणतो, त्यांनीं अंधार टाकून उजेड धरला. कागद न पाहतां दिलेला निकाल आम्हांस मान्य नाहीं, आणि बाईंचा पत्रव्यवहार तर १९७७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालेला आहे. तो वाचणारास दिसून येईल कीं, बाईंना पुण्याच्या सनातन्यांशीं जितकें झगडावें लागलें, तितकेंच ज्या मंडळींनीं त्यांस बाप्तिस्मा दिला त्यांच्याशींही झगडावें लागलें.

१८५८ सालीं जन्मलेल्या या बाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें, म्हणून त्यांस लोकनिंदा सोसावी लागली. पुराणें सांगत देशभर फिरणाऱ्या या कुटुंबांतील आईबाप १८७४ च्या सुमारास दुष्काळांत गेले. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं त्यांनीं जातिबंधन झुगारून बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं विवाह केला, आणि दोन वर्षांच्या आंत त्या विधवा झाल्या. कडेवर लहानगी मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला व हंटर कमिशनपुढें स्त्रियांच्या शिक्षणाविषयीं साक्ष दिली. हें सर्व ख्रिस्ती होण्यापूर्वींचें आहे, हें विसरतां कामा नये.

वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें त्या १८८३ सालीं विलायतेस गेल्या. बहिरेपणामुळें तो बेत फसला. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठांत त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. येथून पुढची हकीकत आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असते.

बाप्तिस्मा घेतला म्हणजे बाई आतां सांगितलें तें ऐकतील, अशी मठाची अपेक्षा होती. बाईंनीं शाकाहार सोडला नाहीं. त्यांच्या गुरुस्थानीं असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांस यांत जातीचा अभिमान दिसला. क्रुसावर लॅटिन अक्षरें कां असावींत, आपल्या देशबांधवांस न समजणारी ती भाषा संस्कृतापेक्षां अधिक पवित्र कशी, असा प्रश्न बाईंनीं केला. चेल्टनहॅम येथें शिकत असतां त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावें कीं नाहीं हा वाद निघाला, तेव्हां मुंबई व लाहोर येथील बिशपांनीं नकार कळविला. हिंदुस्थानांत पुरुषांच्या सभांतून व्याख्यानें दिलेल्या विदुषीस हें ऐकावें लागलें! त्रैक्याच्या मतावरही त्यांच्या शंका होत्या, आणि त्या त्यांनीं लपविल्या नाहींत. एका पुरोहितवर्गाचें जूं मानेवरून उतरविलें तें दुसऱ्याचें चढवून घेण्यासाठीं नव्हे, हें त्यांनीं स्पष्ट कळविलें. मुलीस कोणती धर्मशिक्षा द्यावी हेंही आईच ठरवील, असें त्यांचें म्हणणें होतें.

परक्या देशीं, दुसऱ्याच्या अन्नावर व आश्रयावर असतां एका निराधार विधवेनें हें लिहिलें. सभांतून स्वाभिमानाचीं भाषणें करून कचेरींत साहेबापुढें वांकणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांची त्या काळीं वाण नव्हती. ते आणि या बाई यांची तुलना वाचकांनींच करावी.

ख्रिस्ती समाज त्यांनीं सोडला नाहीं. त्यांत राहूनच त्या आपल्या राहिल्या, आणि आमच्या मतें हेंच अधिक कठीण.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें. १८९३ चें वादळ सर्वांस ठाऊक आहे. धर्माच्या बाबतींत सक्ती करणार नाहीं हें वचन बाईंनीं दिलें होतें; त्यांच्या प्रार्थनेच्या खोलीचें दार मात्र उघडें असे व मुली येऊन बसत. 'केसरी'नें यास विश्वासघात म्हटलें, आणि रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं अंग काढून घेतलें. वकिली दृष्टीनें आम्ही सांगतों कीं, वचनाचा शब्द मोडला गेला असें दाखवितां येत नाहीं. पण बालिकांच्या पालकांस जो भरंवसा वाटत होता त्यास धक्का बसला, हेंही खरें. दार लावून प्रार्थना करा असें सांगणें मात्र आम्हांस साधलें नसतें.

१८८९ च्या मुंबईच्या काँग्रेसमध्यें स्त्री-प्रतिनिधि होत्या, त्यांत बाईंची खटपट मोठी. १८९७ सालीं प्लेगच्या बंदोबस्तांत पुण्याच्या स्त्रियांची जी विटंबना झाली, तिजविरुद्ध त्यांनीं 'बाँबे गार्डियन'मध्यें उघड पत्र लिहिलें. मिशनऱ्यांच्या बाहुल्याचें हें काम नव्हे.

दुष्काळांत मध्यप्रांतांतून व पुढें गुजराथेंतून आणलेल्या मुलींनीं केडगांवचें मुक्तिसदन भरून गेलें. तेथें कोणत्याही एका चर्चचा अंमल चालूं दिला नाहीं. अखेरचीं वर्षें बाईंनीं एकाच कामास वाहिलीं. अशिक्षित बाईसही कळेल अशा मराठींत बायबल आणावें, म्हणून त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि केडगांवच्या छापखान्यांत मुलींच्या हातून तें छापवून घेऊं लागल्या. १९२१ सालीं मनोरमा गेली. काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई वारल्या, तेव्हां भाषांतर पुरें झालेलें होतें.