भिंतीआधी हिशेब

फेस्टची किंवा एखाद्या समितीची जबाबदारी मिळाली की आपण आधी काय करतो? ग्रुप काढतो आणि घोषणा करून टाकतो. नहेम्या यरुशलेमला पोहोचला तेव्हा तीन दिवस काहीच बोलला नाही. मग एका रात्री मोजकी माणसं बरोबर घेऊन तो शहराची पडकी तटबंदी बघत फिरला. एका ठिकाणी तर त्याच्या जनावराला पुढे जायला वाट उरली नव्हती. आपल्या मनात काय आहे, हे त्याने तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

ही गोष्ट इ.स.पू. 445 च्या सुमाराची, बायबलच्या जुन्या करारातली. ख्रिस्ती नेतृत्व-प्रशिक्षणात नहेम्याचं नाव हमखास येतं. तो मूळचा ज्यू, पण नोकरी पर्शियाच्या राजाकडे, शूशनच्या राजवाड्यात (आजच्या इराणमध्ये). काम होतं राजाच्या हाती मद्याचा प्याला देण्याचं. म्हणजे विश्वासाची जागा, आणि चांगलीच सुखाची. पूर्वजांच्या शहराचा तट पडलाय, वेशी जळाल्यात, असं कळल्यावर तो रडला, उपास केले, प्रार्थना केली. राजाशी बोलायची संधी मिळेपर्यंत चारेक महिने गेले. पण राजाने विचारलं तेव्हा सगळं तयार होतं: किती दिवसांची रजा, वाटेतल्या सुभेदारांसाठी पत्रं, शिवाय राजाच्या वनातल्या लाकडासाठी वेगळं पत्र. नुसत्या भावनेच्या भरात निघालेल्या माणसाला लाकूड आठवत नाही!

कुणी तटाचा कुठला भाग बांधला, याची लांबलचक यादी त्याच्या पुस्तकात आहे. कंटाळवाणी वाटेल, तरी वाचा. त्यात सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं बनवणारे आहेत, शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याच्या मुली आहेत. बरेच जण आपापल्या घरासमोरचा तुकडा बांधतायत. तकोवाच्या बड्या लोकांनी कामाला खांदा दिला नाही, तेही लिहून ठेवलंय. (ग्रुप प्रोजेक्टवाल्यांनो, कळलं ना?) सनबल्लट आणि टोबीया या विरोधकांनी आधी खिल्ली उडवली, मग हल्ल्याची तयारी केली. तेव्हा अर्धी माणसं बांधत होती आणि अर्धी भाले घेऊन उभी होती.

खरी कसोटी मात्र बाहेरून आली नाही. काम चालू असताना गरीब लोक ओरडत आले. दुष्काळात धान्यासाठी शेतं गहाण पडली होती, राजाचा कर भरायला कर्ज काढलं होतं, आणि पोटची मुलं गुलामीत द्यावी लागत होती. देणेकरी कोण? त्यांचेच श्रीमंत भाऊबंद, म्हणजे सावकार आपलेच! नहेम्या भयंकर चिडला, पण लगेच बोलला नाही, आधी विचार केला. मग सभा बोलावून सावकारांना सगळ्यांदेखत जाब विचारला. आपण आणि आपली माणसंही पैसे-धान्य उसनं देतोय, हे त्याने त्याच सभेत सांगितलं. व्याज बंद, शेतं-घरं परत, आणि याजकांसमोर शपथ.

मला तरी हा प्रसंग भिंतीपेक्षा मोठा वाटतो. स्वतःला वगळून केलेली सुधारणा त्या लोकांनी ऐकून घेतली असती का?

सुभेदार म्हणून त्याला भत्ता मिळायचा. आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर चाळीस शेकेल चांदी घ्यायचे. त्याच्या पंगतीला रोज दीडशे माणसं असायची. रोज एक बैल आणि सहा मेंढरं लागायची. तरी बारा वर्षं त्याने तो भत्ता घेतला नाही, कारण लोक आधीच वाकलेले होते.

तट 52 दिवसांत पुरा झाला.

पुढे तो राजाकडे गेला आणि काही काळाने परतला, तर मंदिरातल्या एका खोलीत चक्क टोबीयाचं बिऱ्हाड! नहेम्याने त्याचं सामान बाहेर फेकलं. परक्या बायका केलेल्या काही पुरुषांना तर त्याने मारलं, त्यांचे केस उपटले. हे वाचून तुम्ही अस्वस्थ व्हाल, मीही झाले. प्रशिक्षणाच्या स्लाइड्सवर सहसा 52 दिवस असतात, हे केस नसतात. पुस्तकात मात्र दोन्ही आहे, आणि ते संपतं देवाने आपली आठवण ठेवावी, एवढ्या छोट्याशा विनवणीवर.