बुद्धचरित्र आणि टीकाकारांची बदलती दृष्टी

लुंबिनी येथे शाक्य कुळात जन्मलेल्या सिद्धार्थ गौतमांनी, परंपरेनुसार, वयाच्या २९व्या वर्षी गृहत्याग केला. बोधगया येथे ज्ञानप्राप्ती झाल्यावर त्यांनी सारनाथला पहिला उपदेश दिला. ८०व्या वर्षी कुशीनगर येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. यज्ञातील पशुबळी आणि जन्माधिष्ठित श्रेष्ठत्व नाकारणाऱ्या या महापुरुषावर पुढील शतकांत टीकाही झाली.

क्षत्रियाने धर्मोपदेशकाचे कार्य स्वीकारणे हा स्वधर्माचा भंग होय, असा आक्षेप सातव्या शतकाच्या सुमारास मीमांसक कुमारिल भट्टांनी घेतला. बाराव्या शतकातील जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’त मात्र तेच बुद्ध विष्णूचे करुणामय अवतार ठरले.

एकोणिसाव्या शतकात वाद थेट अस्तित्वाविषयी सुरू झाला. फ्रेंच विद्वान एमिल सेनार यांना बुद्धकथेत सूर्याचे रूपक दिसले. जर्मन पंडित हर्मान ओल्डेनबर्ग यांनी १८८१ मध्ये पाली ग्रंथांच्या आधारे ऐतिहासिक बुद्धांचे चरित्र मांडले. १८९६ मध्ये लुंबिनीत सापडलेल्या अशोकाच्या स्तंभलेखाने जन्मस्थळाला पुष्टी दिली.

गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी वृद्ध, रोगी आणि मृतदेह पाहून झालेल्या गृहत्यागाची कथा चिकित्सेअंती नाकारली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे गृहत्यागाचे कारण म्हणून पुढे आले. अवतारकल्पनाही त्यांनी अमान्य केली.

अशा रीतीने चिकित्सेमुळे बुद्धांचे महत्त्व उणावले नाही. दैवी वलयाआडचा विचारी माणूस अधिक स्पष्ट झाला.