हिरडीशी काय ठेवता? डॉ. खानोलकरांनी घालून दिलेला धडा

इटियाडोहच्या पाण्यावर धानाची रोवणी सुरू झाली, की बांधीत उतरणाऱ्या अनेकांच्या खिशात खर्र्याची पन्नी असते. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा खर्रा तासन्‌तास गाल आणि हिरडीच्या मध्ये राहतो. पुढे हिरड्यांतून रक्त येते, दात हलतात आणि रुग्ण हिरडीचे ऑपरेशन करून द्या म्हणतो. अशा वेळी मला डॉ. वसंत रामजी खानोलकर आठवतात.

खानोलकरांचा जन्म १८९५ साली क्वेट्टा येथे झाला. लंडन विद्यापीठातून १९२३ साली ते विकृतिशास्त्रात एमडी झाले. मुंबईत परतल्यावर त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात हा विषय शिकवला. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली.

सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहून निदान लिहिणे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. तो तुकडा कोणाचा, तो माणूस काय खातो, काय नेसतो, हेही त्यांनी तपासले. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी सहकाऱ्यासह त्यांनी सवयींशी जोडलेले तीन कर्करोग मांडले. घट्ट धोतराच्या काचाने कमरेवर होणारा, पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढल्याने टाळूला होणारा आणि तंबाखू-चुन्याची खैनी ओठ व हिरडीच्या मध्ये धरल्याने तिथेच होणारा. सवय जिथे घासते, जिथे चटका देते किंवा जिथे मुरते, तिथेच रोग उगवतो, हे त्यातून दिसले.

१९५२ साली उभ्या राहिलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक होते. डॉ. कमल रणदिवे यांच्यासारखे संशोधक त्यांच्या हाताखाली घडले. कुष्ठरोगावरही त्यांनी मोलाचे काम केले. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि पद्मभूषण त्यांना लाभले. १९७८ साली ते गेले.

आता ऑपरेशनबद्दल. दातांवर साचलेले कीटण आधी नुसते खरवडून काढतात. त्यानंतरही हिरडी आणि दात यांच्यामधली फट खोल राहिली, तर हिरडी भूल देऊन थोडी उघडतात, मुळे साफ करतात आणि टाके घालून ती पुन्हा बसवतात. उपचार चांगला आहे. पण तंबाखू चालू असेल, तर हिरडीचा रक्तपुरवठा कमी पडतो, जखम नीट भरत नाही आणि दुखणे परत येते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हिरडीवरचे प्रत्येक दुखणे हे हिरड्यांचा साधा आजार नसते. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, गाठ किंवा तोंड पूर्ण न उघडणे, यांपैकी काहीही असेल, तर थांबू नका. डॉक्टरांनी सांगितले, तर तुकडा तपासून घ्या. त्याने रोग पसरतो, ही भीती चुकीची आहे. उशिराने मात्र जीव जातो.

रोवणीला जाण्यापूर्वी आरशासमोर उजेडात तोंड उघडून पाहा. जिथे खर्रा ठेवता, तिथे आधी पाहा. आणि ती पन्नी आजच टाकून द्या.