समुद्रात सापडलेलं ब्रेसलेट



‘द लिटल प्रिन्स’मधला छोटा राजपुत्र आपल्यापैकी अनेकांनी मुलांना वाचून दाखवला असेल. पण तो लिहिणारा माणूस युद्धातला वैमानिक होता, हे सांगायचं राहूनच जातं.

आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी यांचा जन्म २९ जून १९०० रोजी फ्रान्समधील लियों शहरात झाला. नौदलाच्या प्रवेश परीक्षेत ते नापास झाले (पालकांनी याची नोंद घ्यावी!). पुढे ते टपालाची विमाने चालवू लागले. टुलूझपासून आफ्रिकेतल्या डाकारपर्यंत पत्रांच्या थैल्या पोहोचवायच्या, हे त्यांचं काम. डिसेंबर १९३५ मध्ये लिबियाच्या वाळवंटात त्यांचं विमान कोसळलं. ते आणि त्यांचा मेकॅनिक पाण्यावाचून तडफडत भटकले, शेवटी एका बेदुइन माणसानं त्यांना वाचवलं. पुस्तकातला वाळवंटात अडकलेला वैमानिक इथूनच आला.

१९४३ मध्ये न्यूयॉर्कला पुस्तक निघालं आणि त्याच सुमारास ते पुन्हा युद्धावर गेले. वय नियमात बसत नव्हतं. जुन्या अपघातांनी अंग इतकं आखडलेलं, की विमानाचा पोशाख चढवायलाही मदत लागे. तरी खटपट करून त्यांनी पी-३८ लाइटनिंग मिळवलं. त्यात बंदुका नव्हत्या, फक्त कॅमेरे. ३१ जुलै १९४४ च्या सकाळी शत्रूच्या ताब्यातल्या फ्रान्सचे फोटो घ्यायला ते कॉर्सिका बेटावरून उडाले, ते परत आलेच नाहीत.

मग चोपन्न वर्षांनी, १९९८ मध्ये, मार्सेजवळच्या समुद्रात एका मच्छीमाराच्या जाळ्यात काळपट गोळा आला. साफ केल्यावर दिसलं चांदीचं ब्रेसलेट! त्यावर ना हुद्दा, ना पथकाचं नाव. फक्त त्यांचं नाव, कंसात पत्नी कोन्सुएलोचं नाव आणि न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचा पत्ता. आपण मुलांच्या दप्तरावर नाव-पत्ता घालतो ना, अगदी तसं. या नवरा-बायकोचं फारसं पटत नसे, कितीतरी काळ ते वेगळे राहिले. पुस्तकातलं हट्टी गुलाबाचं फूल म्हणजे कोन्सुएलोच, असं अनेक अभ्यासक मानतात. तिचं नाव मात्र शेवटपर्यंत मनगटावर होतं.

लोकांनी आधी विश्वासच ठेवला नाही. ब्रेसलेट बनावट आहे म्हणून त्या बिचाऱ्या मच्छीमारालाच बोल लावले. २००० मध्ये एका पाणबुड्याला त्याच भागात विमानाचे अवशेष दिसले, २००३ मध्ये ते वर काढले. २००४ मध्ये एका तुकड्यावरचा क्रमांक जुळला. विमान त्यांचंच होतं.