गृहिणी, माता आणि कवयित्री : बहिणाबाई चौधरी

संतांची, राजांची आणि देशभक्तांची चरित्रे आपण श्रद्धेने वाचतो व मुलाबाळांस वाचून दाखवितो. या वेळी आम्ही ज्या माउलीचे पुण्यस्मरण करीत आहोत, तिने मठ स्थापिला नाही, राज्य चालविले नाही, की कोणत्या सभेत भाषण केले नाही. तिने शेत कसले, जाते ओढले, मुले वाढविली. आणि हे सारे करता करता मराठी भाषेला अक्षय धन दिले. स्वतः तिला मात्र एकही अक्षर लिहिता येत नव्हते. त्या माउलीचे नाव बहिणाबाई चौधरी.

खानदेशात जळगावजवळ असोदे नावाचे गाव आहे. तेथील महाजनांच्या घराण्यात 1880 सालच्या नागपंचमीला बहिणाबाईंचा जन्म झाला. वडिलांचे नाव उखाजी आणि आईचे भिमाई. तीन भाऊ व तीन बहिणी अशा भरल्या घरात त्या वाढल्या. त्या काळी शेतकऱ्याच्या मुलीला शाळा कोठली? पण कान उघडे असणाऱ्यास विद्येची वाण पडत नाही. पहाटेच्या जात्यावरील ओव्या, देवळातील कीर्तने, सणावारांची गाणी आणि बायाबापड्यांच्या तोंडच्या म्हणी, हीच त्यांची पाठशाळा झाली.

वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासर शेतीवाडीचे. पहाटे दळण, मग चूल, मग शेत आणि संध्याकाळी पुन्हा चूल, असा दिवसाचा क्रम असे. काशी, ओंकार आणि सोपान ही तीन अपत्ये झाली. संसार मार्गी लागतो आहे असे वाटत असतानाच, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. धाकटा सोपान त्या वेळी दोन-तीन वर्षांचा होता. पुढे प्लेगच्या साथीत ओंकारला कायमचे अपंगत्व आले. पदरी तीन लेकरे, त्यांतील एक अपंग, आणि डोक्यावर शेतीचा भार! त्या काळी विधवेच्या वाट्याला समाजाकडून काय येत असे, हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

अशा प्रसंगी पुष्कळांची वाचा बंद होते. बहिणाबाईंची वाचा मात्र अधिकच खुलली. आपल्या दुःखावर त्यांनी गाणे रचले. त्यात आक्रोश थोडा आणि स्वतःला सावरणे अधिक आहे. कुंकू गेले तरी हातांत बळ आहे, लेकरांसाठी जगावयाचे आहे, असा त्यांचा भाव आहे. दारी भविष्य सांगावयास आलेल्या जोशालाही त्यांनी एका गाण्यात परत पाठविले आहे. आपले दैव आपणांस कळून चुकले आहे, ते दुसऱ्याने सांगण्याची गरज नाही, अशी ती वृत्ती होती. देवावर त्यांची श्रद्धा गाढ होती. पण ती कष्ट करणाऱ्याची श्रद्धा होती. पेरलेले बी मातीतून वर येते, त्यातच त्यांना देवाचे दर्शन घडे.

आम्हांस विशेष वाटते ते असे की, त्यांचे गाणे आणि त्यांचे घर ही कधी दोन झाली नाहीत. काम आटोपल्यावर निवांत बसून कविता लिहावी, ही सोय त्यांना नव्हतीच. जात्याचा खुंटा हाती धरला की दळणाच्या लयीवर शब्द जुळू लागत. म्हणूनच त्यांच्या रचनेला ओवीचा डौल आहे आणि तिच्या ओळी आखूड, तोंडी राहतील अशा आहेत. विषयही घरातले व शेतातलेच. चूल, जाते, मळणी, वारा, कडुनिंब, गुढीपाडवा, आखाजी, पोळा. सुगरण पक्षी केवळ चोचीच्या बळावर पिलांसाठी खोपा विणतो, हे पाहून त्यांनी माणसाला त्याच्या दोन हातांची व दहा बोटांची आठवण करून दिली. माणसाचे चंचल मन कसे आवरत नाही, हे सांगताना त्यांनी दृष्टान्त घेतला तो पिकात शिरणाऱ्या ढोराचा. पंडितास जे सांगावयास ग्रंथ लागतो, ते त्यांनी शेताच्या बांधावर उभे राहून सांगितले.

त्यांच्या एका रचनेत एक योगी सासुरवाशिणीस विचारतो की, माहेर एवढे गोड, तर तू सासरी का नांदतेस? ती सांगते ते असे की, आपल्या लेकीला माहेर मिळावे म्हणून आई सासरी नांदते. कुटुंब कशावर उभे असते, याचे याहून मार्मिक उत्तर आमच्या वाचनात नाही.

ही गाणी आपल्यापर्यंत पोहोचली ती मुलाच्या मातृभक्तीमुळे. सोपानदेव शाळेत शिकू लागले. त्यांनी पाठ्यपुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा आईला वाचून दाखविली, तो सकाळपर्यंत तिने त्या कथेवर गाणे रचून ठेविले, असे सांगतात. सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी आईच्या तोंडची गाणी जशी कानी पडली तशी उतरून घेतली. जी कानी पडली नाहीत, ती वाऱ्यावर गेली. सोपानदेव पुढे स्वतः कवी म्हणून प्रसिद्ध झाले, पण आईच्या हयातीत तिच्या गाण्यांचे पुस्तक निघाले नाही.

3 डिसेंबर 1951 रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, बहिणाबाईंनी जळगाव येथे देह ठेविला. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांच्यापुढे ठेविली. अत्रे यांनी हे शंभर नंबरी सोने असल्याचे तत्काळ ओळखले, आणि 1952 साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. 1961 सालच्या ‘मानिनी’ चित्रपटातून ती गाणी घरोघरी पोहोचली. 2018 साली जळगावच्या विद्यापीठास बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. ज्या बाईने शाळेची पायरी चढली नाही, तिच्या नावाच्या विद्यापीठातून आज मुलेमुली पदव्या घेऊन बाहेर पडतात!

वाचकहो, खानदेश आपल्या पांढुर्णा-सौसरपासून दूर असला, तरी बहिणाबाईंचे जग आपणांस परके नाही. तोच कापूस, तीच ज्वारी, तेच बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमारीला लोटणारी गर्दी सर्वांस ठाऊक आहे. परंतु वर्षभर राबणाऱ्या बैलाचे ऋण मानणे हे जे पोळ्याचे मर्म, ते बहिणाबाईंच्या गाण्यात पाहावे. त्यांची लेवागण बोली आपल्या वऱ्हाडी कानाला थोडी निराळी लागते, पण दोनदा मोठ्याने वाचली की आपल्याच आजीचा आवाज ऐकू येतो.

आणि आजीचा आवाज म्हटला की एक विचार मनास लागून राहतो. आपल्याकडील घराघरांतून जाती ओढली जात होती, तेव्हा ओव्याही होत्या. भुलाबाईची गाणी, डोहाळ्यांची गाणी, हळदीची गाणी कोणी पुस्तकातून घेतली नव्हती. घरच्या बायांनीच ती रचली व वाढविली. पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. मुले शाळेत हिंदी शिकतात, ते योग्यच आहे. पण घरची मराठी ओवी त्यांच्या कानी आता क्वचितच पडते. ज्या वृद्ध मातांस ही गाणी येतात, त्या आपल्यामागे ती सोबत घेऊन जातील.

सोपानदेवांनी जे वहीने केले, ते आज आपल्या नातवंडांच्या हातांतील मोबाईलनेही साधेल. म्हणून आमची सर्व सभासद कुटुंबांस आग्रहाची विनंती आहे की, येत्या भुलाबाईच्या दिवसांत घरातील वडीलधाऱ्या बायांजवळ बसावे, त्यांची गाणी ऐकावी, आणि गाणाऱ्या माउलीच्या नावासह ती उतरून ठेवावी. घराला घरपण देणाऱ्या त्या मातांची, आणि बहिणाबाईंची, याहून योग्य पूजा आम्हांस दिसत नाही.