मुधोळचा राजा आणि बेरडांचा कुत्रा

घटप्रभा नदीच्या परिसरातील मुधोळ हे दक्षिण महाराष्ट्रातील मराठा संस्थानांपैकी एक. क्षेत्रफळ अवघे 368 चौरस मैल, 1901 च्या शिरगणतीनुसार लोकसंख्या 63 हजारांच्या आसपास, तोफांची सलामी 9. बडोदा, ग्वाल्हेर, कोल्हापूर यांच्या पंक्तीत बसण्याइतके ते मोठे नव्हते. तरीही आज या संस्थानाचे नाव ज्यांच्या तोंडी आहे, त्यांतील बहुतेकांना तेथील राजे, त्यांची लढाई किंवा त्यांचा कारभार ठाऊक नसतो. त्यांना ठाऊक असतो तो एक लांब तोंडाचा, खोल छातीचा आणि पोट आत ओढलेला शिकारी कुत्रा. या कुत्र्याला जगाच्या नकाशावर आणण्याचे श्रेय श्रीमंत मालोजीराव नानासाहेब घोरपडे यांना दिले जाते.

मालोजीरावांचा जन्म 1884 चा. व्यंकटराव घोरपडे यांच्या मृत्यूनंतर 1900 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते गादीवर आले. घराणे जुने आणि इतिहासाने लादलेल्या एका ओझ्याखाली वावरणारे होते. घराण्याच्या परंपरेनुसार बहामनी काळात खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, सर करताना एका पूर्वजाने घोरपडीच्या साहाय्याने तट चढण्याचा पराक्रम केला आणि त्यातून घोरपडे हे आडनाव आले. शिवचरित्र वाचणाऱ्याला मात्र हे नाव वेगळ्या कारणाने आठवते. 1648 मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांना कैद करण्यात मुधोळच्या बाजी घोरपडे यांचा हात होता आणि 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी मुधोळवर चाल केली, तेव्हा बाजी घोरपडे मारले गेले. भोसले आणि घोरपडे हे एकाच मुळाचे, ही गोष्ट या वैराला आणखी कडवट करते.

आपल्या कुळाविषयी मालोजीरावांना विशेष आस्था असावी, असे मानायला आधार आहे. 1934 मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत, दत्तात्रय विष्णू आपटे यांनी मुधोळच्या घोरपडे घराण्याचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात संस्थानच्या दप्तरातील फर्मानांच्या आधारे घराण्याचा धागा चितोडच्या सिसोदियांपर्यंत नेलेला आहे. या फर्मानांच्या अस्सलपणाविषयी पुढे इतिहासकारांत मतभेद झाले आणि तो वाद अजून संपलेला नाही. येथे महत्त्वाचे एवढेच, की कोण कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, हे कागदावर पक्के करण्याची गरज या राजाच्या दरबाराला जाणवत होती. ज्याच्या मागे एकही कागद नव्हता अशा एका प्राण्याच्या वंशाची निगराणी त्याच राजाने केली, हा योगायोग गमतीचा आहे.

तो प्राणी राजवाड्यात जन्मलेला नव्हता. मुधोळच्या परिसरातील बेरड लोक तो पाळत. कन्नडमध्ये त्यांना बेडर म्हणतात. शिकार हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. नोव्हेंबर 1857 मध्ये, इंग्रज सरकारने शस्त्रबंदीचा कायदा आणला तेव्हा, मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी हत्यारे खाली ठेवण्यास नकार दिला. इंग्रज फौजेने गाव जाळले आणि 19 जणांना फासावर चढवले. मालोजीराव गादीवर आले, तेव्हा या घटनेला 43 वर्षे झाली होती; म्हणजे ती पाहिलेली माणसे गावात असणार. ज्या समाजाच्या हातून हत्यार काढून घेतले गेले, त्याच्या दारात शिकारीचे एक साधन मात्र कोणाला जप्त करता आले नव्हते, ते म्हणजे हा कुत्रा. माळावर ससा उठला की नजर लावून त्याच्यामागे सुटणारा, वासापेक्षा डोळ्यांवर विसंबणारा. अशा कुत्र्यांना श्वानशास्त्रात दृष्टीने शिकार करणारे म्हणून वेगळे ओळखतात. त्याचे पूर्वज मध्य आशिया आणि अरबस्तानातून व्यापारी व फौजांबरोबर दख्खनमध्ये आले असावेत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. करवानी हे त्याचे गावरान नावही कारवाँशी जोडले जाते. वसमत-कुरुंद्याच्या काळ्या मातीपासून घटप्रभेच्या काठापर्यंत दख्खनचे पठार एकच. त्या पठारावर करवानी हे नाव मुधोळच्या सीमेपाशी थांबत नाही. मराठवाड्यात याच घराण्यातल्या केसाळ कुत्र्याला पश्मी म्हणतात.

बेरडांच्या हातातील ही कुत्री मालोजीरावांच्या नजरेत भरली आणि त्यांनी निवडक जोड्या लावून ही जात सावरण्याचे काम हाती घेतले, एवढे सर्वमान्य आहे. पण हे एक वाक्य वाचून पुढे जाणे सोपे असले, तरी त्यामागचे काम सोपे नाही. पहिल्यांदाच कुत्र्याची पैदास करायला निघालेल्या माणसाला सर्वांत आधी ठरवावे लागते, की आपण कशासाठी हे करत आहोत. हौशी माणूस देखणा नर आणि देखणी मादी निवडतो. शिकारी कुत्र्याच्या बाबतीत देखणेपणा हा कामाचा परिणाम असतो. छाती खोल, कारण फुप्फुसांना जागा हवी. कंबर बारीक आणि पाठ लवचीक, कारण धावताना मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडले पाहिजेत. तोंड लांब, जबडा बळकट, कारण ससा धावता धावता उचलायचा असतो. यांतील एक गुण डोळ्याला आवडला म्हणून वाढवत नेला, तर दुसरा बिघडतो. बेरडांकडे याची परीक्षा आपोआप होत असे. जो कुत्रा धावू शकत नाही, त्याला खायला घालणे गरिबाला परवडत नाही. राजवाड्यात अन्नाची ददात नसते, म्हणून तेथे ही परीक्षा माणसालाच घ्यावी लागते. संस्थानिकाच्या हाती जात बिघडण्याचा धोका अधिक, तो याच कारणाने.

त्या काळातील इतर संस्थानिकांचे वर्तन पाहिले म्हणजे मालोजीरावांचा मार्ग उठून दिसतो. रामपूरचे नवाब अहमद अली खान यांनी एकोणिसाव्या शतकात अफगाण ताझी आणि इंग्रजी ग्रेहाउंड यांचा संकर करून रामपूर हाउंड तयार केला. तो प्रयोगही यशस्वीच म्हणावा लागेल. जुनागढचे नवाब महाबतखान यांचे श्वानप्रेम निराळ्या जातीचे. त्यांची शेकडो कुत्री आणि कुत्र्यांची थाटामाटातील लग्ने यांच्या कथा आजही रंगवून सांगितल्या जातात, पण त्या वेडातून एखादी जात उभी राहिल्याचे कोणी सांगत नाही. मुधोळच्या राजाने मात्र विलायती रक्त आणण्याऐवजी स्थानिक कुत्र्यांतूनच निवड केली, असे परंपरा सांगते. वेगाच्या मोहाने ग्रेहाउंड मिसळणे त्या काळी सहज शक्य होते. पहिल्या पिढीत त्याचा फायदाही दिसला असता. मात्र उन्हात, दगडाळ माळावर आणि थोड्या अन्नावर टिकण्याचा गुण कदाचित हातचा गेला असता.

निवडीच्या या मार्गाला आणखी एक धोका असतो. मोजक्या कुत्र्यांतूनच पुन्हा पुन्हा जोड्या लावल्या, की वंशातील दोष दुणावतात. एकच उत्तम नर सर्वत्र वापरण्याचा मोह तर प्रत्येक नवशिक्याला होतो. इंग्लंडमध्ये 1873 मध्ये केनेल क्लबची स्थापना झाली आणि 1891 मध्ये क्रफ्ट्सचे पहिले प्रदर्शन भरले. तेव्हापासून वंशावळीच्या नोंदी आणि प्रदर्शनातील बक्षिसे यांची सांगड बसली. त्या व्यवस्थेने अनेक जाती स्थिर केल्या आणि काहींची वाटही लावली. बाप-लेक, माय-लेक, सख्खी भावंडे यांच्या संबंधांतून झालेल्या पिल्लांची नोंद नाकारण्याचा निर्णय त्या क्लबने 2009 मध्ये घेतला, म्हणजे स्थापनेनंतर तब्बल 136 वर्षांनी. मुधोळच्या बाबतीत मूळ साठा गावोगाव विखुरलेला होता, ही मोठी जमेची बाजू होती. जात शुद्ध राखायची असेल, तर राजवाड्याच्या श्वानगृहाला बेरडांच्या वस्तीची गरज होती. राजाला हे समजले होते की परिस्थितीनेच तसे घडले, हे ठरवता येत नाही. परिणाम मात्र चांगला झाला.

मालोजीरावांच्या चरित्रातील सर्वांत परिचित प्रसंग इंग्लंडमधला आहे. विलायतेच्या दौऱ्यात त्यांनी बादशहा पंचम जॉर्ज यांना या कुत्र्यांची एक जोडी भेट दिली आणि तेथून मुधोळ हाउंड हे नाव रूढ झाले, असे सांगतात. काही ठिकाणी या भेटीचे साल 1937 असे छापले जाते. ते संभवत नाही, कारण पंचम जॉर्ज जानेवारी 1936 मध्येच निवर्तले होते. सालाचा हा घोळ सोडला, तरी भेटीमागचे धाडस लक्षात घ्यावे लागते. ज्या देशात श्वानप्रदर्शन हा प्रतिष्ठेचा विषय होता आणि ग्रेहाउंड हा अभिमानाचा, त्या देशाच्या राजाला मांडलिक संस्थानिकाने आपल्या माळावरचा कुत्रा नजर करणे, यात आत्मविश्वास होता. रत्ने, हत्ती, तलवारी भेट देणारे पुष्कळ होते. ज्यांनी ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्या बेरडांचे नाव मात्र या भेटीबरोबर समुद्रापार गेले नाही. कुत्रा राजधानीच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

मालोजीरावांना सर हा किताब मिळाला होता. त्यांची कारकीर्द 1937 मध्ये संपली. त्यांच्यामागून गादीवर आलेले भैरवसिंहराव त्या वेळी आठ वर्षांचे होते. 8 मार्च 1948 रोजी मुधोळ मुंबई प्रांतात विलीन झाले. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि आज तो कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. संस्थान गेले, राजाश्रय गेला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सशाची शिकारही बेकायदा ठरली, म्हणजे ज्या कामासाठी हा कुत्रा घडला ते कामच उरले नाही. अशा वेळी बहुतेक शिकारी जाती दोनपैकी एका वाटेने जातात, नामशेष होतात किंवा शोभेच्या बनतात. मुधोळ हाउंड यांतील कोणत्याच वाटेने पूर्णपणे गेला नाही, याचे कारण तो शेतकऱ्याच्या दारात राहिला. राखणदार म्हणून त्याला भाकरी मिळत राहिली. केनेल क्लब ऑफ इंडियाने त्याची नोंद कॅरव्हान हाउंड या नावाने केली, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबने मुधोळ हाउंड या नावाने. एकाच कुत्र्याची ही दोन नावे प्रदर्शनात उतरणाऱ्या नवख्या माणसाला आजही बुचकळ्यात टाकतात.

जानेवारी 2005 मध्ये टपाल खात्याने चार भारतीय श्वानजातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र उभे राहिले. 2016 मध्ये मीरतच्या लष्करी केंद्रात या जातीची पिल्ले प्रशिक्षणासाठी दाखल झाली आणि 2020 मध्ये पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरील भाषणात तिचा उल्लेख झाला. मागणी वाढली, तशी पिल्लांची किंमतही. मालोजीरावांच्या वेळी नसलेला प्रश्न तेव्हा उभा राहिला. मादी वर्षाला दोनदा माजावर येते, गाभणकाळ अवघा 63 दिवसांच्या आसपास असतो. लोभ सुटला तर एकाच मादीकडून वेतामागून वेत घेता येते. ते थांबवण्यासाठी केंद्र सरकारने 2017 मध्ये नियम केले. मादी किमान 18 महिन्यांची आणि निरोगी असावी, वर्षातून एकापेक्षा जास्त वेत घेऊ नये, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी. मुधोळ परिसरातील अनेक कुटुंबांचा आज हा जोडधंदा आहे. गिऱ्हाईक पुणे-बंगळुरूहून गाडी घेऊन येते, पिल्लाची उंची आणि रंग पाहते. आईबाप विचारणारे थोडे, त्यांना धावताना पाहू द्या म्हणणारे त्याहून थोडे.

अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला या कुत्र्याला अजूनही खपत नाही. दिवाणखान्यात ठेवायला आणलेला मुधोळ म्हणूनच अनेकदा वर्षभरात परत येतो.